दार अर्धं आरसा, अर्धं संत्र्याची साल! स्प्रेगनमध्ये कुठे चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे.

बाबांची २००६ ची पांढरी मारुती ८०० घरच्या पार्किंगमध्ये रंगवायला घेतलीय. पेंटरचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "तेवढ्यात दुसरी ८०० येईल." मी फुशारकीने "मीच मारतो" म्हणून बसलो. लांबी (पुट्टी), प्राइमर, पाणीपेपर, इथवर झकास. रंग भरला आणि माती खाल्ली.

सामान: २५ लिटर टाकीचा १ एचपी कॉम्प्रेसर, वर कप असलेली १.४ मिमी नोझलची एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणारी) गन, टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. हार्डनर, थिनर डब्यावरच्या मापाने.

ड्रायव्हरकडचं दार मारलं. बिजागरीकडचा भाग चकचकीत, त्यात माझं तोंड दिसतं. हँडल आलं की साल सुरू, नख फिरवलं तर खडबड कळते. रंग तोच, कप तोच. शिवाय दोन्ही कडांना ओघळ, खाली तर मेणबत्तीसारखा थेंब लोंबतोय. थिनर वाढवलं तर ओघळ वाढतात, कमी केलं तर साल. डोकं चालेनासं झालंय.

प्रतिसाद १

थिनरला हात लावू नका. रेग्युलेटरचा (हवेचा दाब दाखवणारा) काटा ट्रिगर दाबून बघितलात का? ट्रिगर न दाबता दिसणारा आकडा कामाचा नाही. या गनला साधारण ८ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) किंवा जास्तच हवा लागते, १ एचपीवाला त्याच्या निम्मीही देत नाही. सुरुवातीला टाकीतल्या साठ्यावर भागतं, मग दाब पडतो, थेंब जाडे होतात आणि पसरायच्या आत बसतात. झाली साल.

ओघळ मात्र हाताचे. कडेवर पोचून हात परत फिरवताना ट्रिगर दाबलेलाच ठेवत असणार. हात आधी चालू करा, मग ट्रिगर. कडेपुढे दोन-तीन इंच गेल्यावर सोडा. मनगट वळवू नका, खांद्यातून हात न्या, अंतर वीतभर किंवा किंचित कमी. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. पहिला हात पातळ, मग दहाएक मिनिटं थांबून दुसरा.

आणि मास्क कुठला लावलाय? टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट (फुफ्फुसांना घातक रसायन) असतं, फडक्याने किंवा कोविडच्या मास्कने भागत नाही. बाहेरून हवा देणारा सगळ्यात बरा, निदान ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ गाळणारा) तरी घ्या.

प्रतिसाद २

टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढता ना? नाहीतर पुढचा धागा फोडांचा काढाल.

धागाकर्ता

पाणी काढलं, चहाच्या कपाएवढं निघालं! मास्क फडक्याचाच होता, आता मागवलाय. तोवर गनमध्ये नुसतं पाणी भरून जुन्या पत्र्यावर हात फिरवला. ट्रिगर सोडलेला असताना काटा ३० पीएसआय, दाबला की लगेच २२, आणि दाराएवढं अंतर मारेपर्यंत १५. बाबांना काट्यासमोर स्टुलावर बसवलंय, २० च्या खाली गेला की "थांब!" म्हणून ओरडतात.

ओळखीच्या गॅरेजवाल्याचा ३ एचपी कॉम्प्रेसर रविवारी मिळतोय. तोवर ओघळ कडक होतील. मग ते ठोकळ्यावर पेपर लावून सपाट करून अख्खं दार परत मारू, की फक्त हँडलपुढचं? अर्ध्यात जोड दिसेल अशी भीती वाटते.