मॉडेलचं व्हिडिओ पोर्ट्रेट: स्लो मोशनमध्ये पट्टे येतायत, तातडीने मदत हवी

निमूट:
एका मॉडेलचं व्हिडिओ पोर्ट्रेट करतोय. मुलगी रॅम्पवर चालतेच, पण मुळात मल्लखांबपटू आहे आणि तेच दाखवायचंय. शूट झालं. पण स्लो मोशन लावलं की चेहरा सारखा उजळतो, काळवंडतो आणि आडवे पट्टे सरकत राहतात. सोमवारी एजन्सीला द्यायचंय. कोणतं सॉफ्टवेअर वापरू? जरा लवकर सांगा.

बत्तीवाला:
कॅमेरा कोणता? फ्रेम्स किती? शटर? उजेड कसला होता? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

कोकणी_खेकडा:
मोबाइलवर काढा हो. भाचीच्या साखरपुड्याचं रील मी मोबाइलवरच केलं. एक पट्टा दिसला तर सांगा.

निमूट:
सोनी मिररलेस, सेकंदाला १२० फ्रेम्स, शटर ऑटोवर. शाळेच्या हॉलमध्ये असतात त्याच जुन्या ट्यूबा. त्याचा काय संबंध?

बत्तीवाला:
सगळा संबंध त्याचाच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. १२० फ्रेम्सचा तिच्याशी मेळ बसत नाही, दर फ्रेमला कमीजास्त उजेड मिळतो. मेन्यूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी (६० हर्ट्झवाली) असेल ती पाल (५० हर्ट्झवाली) करा, १०० फ्रेम्स मिळतील. शटर हाताने १/१०० सेकंदावर ठेवा, ऑटो अजिबात नको. साध्या वेगाचे शॉट २५ फ्रेम्स आणि १/५० वर. पाल करताना कार्ड फॉरमॅट करायला सांगू शकतो, आधी फुटेज उतरवून घ्या.

पेठकर:
एवढा खटाटोप कशाला? ट्यूबा बंद करा आणि खिडकीच्या उजेडात घ्या. मी कृत्रिम उजेडात पोर्ट्रेट काढतच नाही.

बत्तीवाला:
आणि खांब खिडकीपाशी कोण नेणार? पुरलेला असतो तो.

पेठकर:
टांगता असतो, दोरीचाही असतो. धागाकर्ते, तुमचा कोणता?

निमूट:
पुरलेला. सॉफ्टवेअरचं कोणीच सांगत नाहीये.

मीनल_त:
मी काही वर्षं कास्टिंगमध्ये काम केलंय. पट्टे गेले तरी एजन्सी हे परत पाठवेल असं वाटतं. तुम्ही लांबून दसरंग, सुईदोरा असे मल्लखांबाचे प्रकारच सगळे घेतले असणार. तो स्पर्धेचा व्हिडिओ झाला, त्यात चेहरा कुठे आहे? ८५ मिमीची लेन्स लावून जवळ जा. खांबाला चोळलेलं एरंडेल तिच्या तळव्यांना लागून चमकतं ते घ्या, दिवा बाजूने ठेवून. खांबाला आवळलेली पायाची बोटं घ्या. आणि ती उतरली की कॅमेरा बंद करू नका. धाप लागलेली असताना लेन्समध्ये बघायला सांगा. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६४ ते १९६६ मध्ये 'स्क्रीन टेस्ट्स' नावाची छोटी फिल्म-पोर्ट्रेट्स केली त्यात माणसं बहुतेक नुसती बसलेली आहेत. सेकंदाला २४ फ्रेम्सवर घेऊन १६ वर, म्हणजे संथ करून दाखवली, त्यामुळे पापणी लवली तरी घडामोड वाटते.

पेठकर:
वॉरहॉलला सोमवारी एजन्सीला द्यायचं नव्हतं.

टिंगूनाना:
अवांतर: मॉडेल मधू सप्रेही मुळात खेळाडूच. १९९२च्या मिस युनिव्हर्समध्ये देशाची सूत्रं हाती आली तर काय कराल विचारल्यावर क्रीडांगण बांधेन म्हणाली. तिसरी आली. उत्तरात चूक काय होती ते मला आजवर कळलेलं नाही.

कोकणी_खेकडा:
नाना, +१. मिलिंद सोमणही आधी जलतरणपटूच की.

निमूट:
अहो, धागा मदतीचा आहे! आहे ते फुटेज वाचेल का, एवढंच सांगा.

बत्तीवाला:
डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उजेडाची उघडझाप कमी करणारं डीफ्लिकर आहे. फुकट आवृत्तीत नाही, 'स्टुडिओ' या विकतच्या आवृत्तीत आहे. चेहऱ्याची उघडझाप बरीच कमी होईल, सरकते पट्टे पुरते जाणार नाहीत. त्यापेक्षा परत शूट करा.

निमूट:
रविवारी सकाळी हॉल मिळतोय, तिलाही जमतंय. आधी नुसता खांब १/१०० वर घेऊन बघतो. मीनलताई, ती उतरल्यावर कॅमेरा किती वेळ चालू ठेवू?

मीनल_त:
श्वास जागेवर येईपर्यंत. मध्ये बोलू नका, 'स्माइल' तर मुळीच म्हणू नका. चेहऱ्यावरचा घामही पुसू देऊ नका.

पेठकर:
आणि खिडक्या उघड्या ठेवा.

कोकणी_खेकडा:
एरंडेल मोबाइलच्या काचेला लागलं तर कशाने निघतं?