घरातले युद्ध उशिरा लिहिणाऱ्या जॉय दामूसी

स्थलांतरितांच्या मुलांनी आपल्याच समाजाचा इतिहास लिहिला की तो स्मरणरंजनाकडे झुकतो, हे मत मला सरसकट पटत नाही. मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या, ग्रीक स्थलांतरित कुटुंबातील जॉय दामूसी यांनी आधी युद्धात मुलगा वा पती गमावलेल्या ऑस्ट्रेलियन घरांच्या शोकावर (१९९९) आणि पुढे तिथल्या मनोविश्लेषणाच्या इतिहासावर (२००५) ग्रंथ लिहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि ग्रीक यादवीच्या (१९४६-४९) आठवणी घेऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या ग्रीकांवरचा त्यांचा ग्रंथ आला तो थेट २०१५ मध्ये. त्यातही भर आहे तो मुलाखतींवर, म्हणजे आईवडिलांनी मुलांना काय सांगितले आणि कशाबद्दल मौन पाळले यावर. परक्यांच्या शोकावर आधी हात बसल्यामुळेच घरच्या मौनाकडे त्यांना तटस्थपणे पाहता आले असावे, असे मला वाटते.