सासूबाईंच्या अल्बममधले युटाचे जुने स्टुडिओ फोटो: साल कसं ठरवायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझं सासर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं, सॉल्ट लेक सिटीच्या जरा दक्षिणेला. सासूबाईंचे पूर्वज इंग्लंडात मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेले आणि १८५६ साली हातगाड्या ओढत इथे आले. २४ जुलैला पायोनियर डे असतो, म्हणजे इथे आलेल्या पहिल्या मॉर्मन वसाहतकऱ्यांच्या आठवणीचा दिवस, तेव्हा घरोघरी जुने अल्बम बाहेर निघतात. यंदा सासूबाईंनी त्यांचा अल्बम माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, स्कॅन करून नावं-सालं लिहून ठेव, माझ्यामागे कोणी करणार नाही.

एका फोटोवर गाडी अडली आहे. नवऱ्याची खापरपणजी. खेळायच्या पत्त्यापेक्षा जरासा उंच पुठ्ठा, कोपरे चौकोनी, कडेने दोन बारीक सोनेरी रेघा. बाई उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, काळा घेरदार झगा, केस मधोमध भांग पाडून कानांवरून चापून मागे नेलेले. घरातली गोष्ट अशी: ती पोचली त्याच वर्षीचा हा फोटो, वाटेत नवरा गेला म्हणून काळे कपडे, आणि बर्फाने डोळे अधू झालेले. बुबुळं खरंच जवळजवळ पांढरी दिसतात, बघवत नाही. मागे 'सॅव्हेज अँड ऑटिंगर, सॉल्ट लेक सिटी' छापलंय. खाली तीन सेंटचं हिरवं तिकीट, त्यावर वॉशिंग्टनचा चेहरा आणि 'टेलिग्राफ' असा शब्द. तारेचा आणि फोटोचा काय संबंध? सासूबाईंना मी साल काय सांगू?

काचपट्टी

रानजाईताई, तिकीट सोडवू नका, त्याच्याखाली काय आहे म्हणून वाफही देऊ नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या तिकिटात आहे.

नाशिकला आयुष्यभर स्टुडिओ चालवला. मुलगी कोलोरॅडोत असते, तिच्याकडे गेलो की जुन्या वस्तूंच्या दुकानांतून असले पुठ्ठे बघत बसतो. त्या जोरावर लिहितो.

अमेरिकेत यादवी युद्धाचा खर्च भागवायला सरकारने फोटोंवर कर बसवला होता. १ सप्टेंबर १८६४ ला सुरू झाला, १ ऑगस्ट १८६६ ला उठला. फोटोवाल्याने मागे महसुली तिकीट लावायचं आणि त्यावर शाईने आद्याक्षरं, तारीख घालून ते रद्द करायचं. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंट, पन्नासपर्यंत तीन, डॉलरपर्यंत पाच. तिकिटावरच्या 'टेलिग्राफ'ला बिचकू नका. मुळात निरनिराळ्या कामांसाठी छापलेली ही तिकिटं पुढे एकमेकांच्या जागी चालू लागली, हाताशी असेल ते लावत. म्हणजे हा पुठ्ठा त्या दोन वर्षांतच विकला गेला. भिंग घेऊन तिकिटावरची शाई वाचा.

१८५६ चा तो नव्हे, याला आणखीही आधार आहेत. चार्ल्स सॅव्हेज स्वतःच १८६० साली सॉल्ट लेकला पोचला. त्याआधी तिथे फोटो निघत नव्हते असं नाही. मार्सेना कॅनन १८५० च्या अखेरीस दुकान मांडून बसला होता. पण ते डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, काचेखाली, डबीत घातलेले. कागदावर छापून पुठ्ठ्यावर डकवायची तऱ्हा अमेरिकेत रुजली ती १८६० च्या आसपास. चौकोनी कोपरे, दुहेरी सोनेरी रेघ, उभी आकृती हे सगळं साठच्या दशकाला धरून आहे.

आता डोळे. ताई, ती आंधळी नव्हती हो! निदान या फोटोवरून तसं म्हणता येत नाही. तिचे डोळे निळे असणार. त्या वेळी काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतून, ओली असतानाच ती काच कॅमेऱ्यात घालत. त्या रसायनाला निळा रंग फार पटकन लागतो, तांबडा-पिवळा जवळजवळ लागतच नाही. निळं बुबुळ पांढरंफटक होतं. उलट तोंडावरचे बारीक वांग काळे होऊन बाहेर पडतात, माणूस दहा वर्षांनी मोठा दिसतो.

कपड्यांचंही तेच. लाल, मरून, मोहरीसारखा पिवळा, बरेचसे हिरवे, सगळे काळ्यात जातात. तो झगा लाल रेशमाचाही असेल. नवरा वाटेत गेला नाही असं मी म्हणत नाही. १८५६ च्या हिवाळ्यात विली आणि मार्टिन यांचे हातगाडीवाले वायोमिंगच्या बर्फात अडकले, मार्टिनच्या तांड्यातच शंभराहून जास्त माणसं गेली. पण त्याचा पुरावा झग्यात शोधू नका. मॉर्मन चर्चच्या इतिहास विभागाने १८४७ ते १८६८ मधल्या तांड्यांतल्या प्रवाशांची यादी लोकांना खुली ठेवली आहे, त्यात नाव बघा.

त्या मार्टिनविषयी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांड्याचा म्होरक्या एडवर्ड मार्टिन पुढे सॉल्ट लेकमध्ये फोटोग्राफर झाला. त्याच्या नावाचे पुठ्ठे आजही मिळतात. त्या बर्फातून वाचलेलं कोणी नंतर त्याच्याच कॅमेऱ्यासमोर बसलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अल्बममध्ये त्याचं नाव कुठे छापलेलं दिसलं तर जरूर कळवा.

आणि बाईंच्या पायाशी बघा. झग्याच्या घेरामागे लोखंडी बैठकीचा तुकडा दिसतो का? मान हलू नये म्हणून मागे उभा दांडा ठेवत, त्याचा चिमटा डोक्यामागे. काही सेकंद अजिबात हलायचं नाही. चेहरे करारी दिसतात त्याला हेही कारण आहे, प्रत्येक वेळी दुःख नसतं.

सागवानी_झोपाळा

काचपट्टीकाका, फार मोठं कोडं सुटलं. आमच्या पणजोबांचे डोळे घारे होते असं आजी सांगायची, आणि फोटोत ते अगदी भुतासारखे पांढरे. आम्ही पोरं त्या फोटोखालून जायला घाबरायचो. रानजाई, तुमच्याकडच्या पुठ्ठ्याच्या मापाचे फोटो त्याच सुमाराला मुंबईतही निघत होते. तिथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ लाच निघाली, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक स्टुडिओ थाटून होते.

रानजाई

काका, भिंगातून पाहिलं. 'एस अँड ओ' आणि पुढे '६५' स्पष्ट आहे! पायाशी लोखंडही आहे, एवढे दिवस मी ती सावली समजत होते. सासूबाईंना डोळ्यांचं सांगितलं तर त्या किती तरी वेळ फोटो हातात धरून बसल्या. त्यांचेही डोळे निळेच आहेत.

अजून दोन शंका. अल्बममध्ये एक पातळ, काळपट पत्रा आहे, त्यावर दाढीवाला तरुण. अंगठी उजव्या हातात. आणि हे फोटो पानांच्या खाचांतून काढू का?

काचपट्टी

साल मिळालं, फार आनंद झाला.

पत्रा म्हणजे टिनटाइप. नावात टिन असलं तरी लोखंडाचा पत्रा असतो, लोहचुंबक कागदात गुंडाळून मागून हलकेच धरलंत तर ओढ लागेल. यात निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातलाच पत्रा हातात पडतो, म्हणून डावं-उजवं उलटं दिसतं. अंगठी डाव्याच हातात होती. स्कॅन उलटवून वेगळी प्रत ठेवा, मूळ स्कॅन आहे तशीच राहू द्या. टिनटाइप साठपासून शतकाच्या अखेरपर्यंत निघत होते, तेव्हा नुसत्या पत्र्यावरून साल लिहू नका. कोटाची कॉलर, दाढीची ठेवण यांचा जवळून फोटो टाका, मग बोलू.

खाचेतून ओढू नका. जुनं पान खाचेपाशीच फाटतं. पुठ्ठा सैल असेल तरच पातळ प्लास्टिकची पट्टी मागे सरकवून अलगद वर घ्या, घट्ट असेल तर पानासकट स्कॅन करा. निघालेल्या प्रत्येकाची मागची बाजूही स्कॅन करायची. सहाशे डीपीआय ठेवा. नावं पुठ्ठ्यावर मागे, मऊ शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन आणि चिकटपट्टी घरातूनच लांब ठेवा. टिनटाइपवर काहीच लिहू नका, तो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहा.

एवढं बजावतो आहे त्याचं कारण सांगतो. जून १८८३ मध्ये सॅव्हेजच्या स्टुडिओला आग लागली आणि काचेच्या निगेटिव्ह गेल्या. त्या बाईंचा फोटो नव्याने छापून घ्यायची सोय तेव्हाच संपली. सॉल्ट लेकला डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स या पायोनियरांच्या वंशज बायकांच्या संस्थेचं संग्रहालय आहे, त्यांच्याकडे पायोनियरांच्या फोटोंचा मोठा साठा आहे. स्कॅनची एक प्रत नावासकट त्यांना द्या, आणि त्याच बाईंचा दुसरा फोटो त्यांच्याकडे आहे का ते विचारून या.