गच्चीवर मातीची बाग आणि सोलर, दोन्ही जमेल का? (मुलुंड)

मुलुंडकर_मृदुला
मुलुंड पूर्वेला आमचं स्वतःचं एकमजली घर आहे. आरसीसी स्लॅब, गच्ची साधारण ७०० चौरस फूट. आईला कुंड्या नकोत, वाफ्यासारखी सलग बाग हवी. मला ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय; केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. सोलरवाला म्हणतो, माती हवी असेल तर पॅनेल विसरा. खरंच एकच निवडावं लागेल का?

स्लॅबवाले_काका
मृदुलाताई, दोन्ही होतं. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये सपाट छपरावर हिरवळ आणि तिच्यावर पॅनेल हे सर्रास करतात. मी आयुष्यभर स्ट्रक्चरचं काम केलं, म्हणून कळकळीने सांगतो: पॅनेल आणि रोपं दोन्ही नंतर, आधी स्लॅब.

इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याप्रमाणे वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. बागेतल्या साध्या मातीचा १० सेंमीचा थर भिजला की एकटाच १८० किलोच्या घरात जातो. म्हणजे गच्चीवर माणूस चढायच्या आतच हिशोब संपला. कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडी माती असं मिश्रण बरंच हलकं पडतं, पण वजन धरायचं ते जुलैतल्या चिंब भिजलेल्या मातीचं. जुना ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) किती जाड आहे तेही एका कोपऱ्यात फोडून बघा. गळती थांबवायला कोब्यावर कोबा चढवलेली घरं मुंबईत पुष्कळ आहेत. तो काढून हलकं वॉटरप्रूफिंग केलं, तर तेवढं वजन आईच्या बागेच्या वाट्याला येतं.

वॉटरप्रूफिंग झालं की पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी कोंडा. दोन-तीन दिवस राहू द्या आणि खालच्या खोलीत छताला हात लावून ओल बघा. ही पायरी कुणाच्याही घाईसाठी सोडू नका, कारण वर माती आणि पॅनेल आल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळं उचलायचं. मग क्रमाने मुळं अडवणारी शीट, ड्रेनेज बोर्ड (पाणी वाहून जायला खाचांचा प्लास्टिकचा थर), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) आणि माती. पाइपाच्या तोंडाभोवती फूटभर नुसती खडी.

स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगला भोक पाडून ठोकू देऊ नका. सिमेंटचे ब्लॉक खाली रबरी पॅड घालून ठेवता येतात. मुंबईत डिझाइनसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, त्यामुळे ब्लॉक किती जड हवेत ते इंजिनीअरने काढून द्यावं, सोलरवाल्याने अंदाजाने नाही. पॅनेलची खालची कड मातीपासून अडीच-तीन फूट वर हवी. कावळ्यांच्या कृपेने पिंपळ उगवणारच. तो बोटभर असतानाच उपटायला हात पोचला पाहिजे.

वाफा_बोरिवली
काकांशी सहमत. जागेची काळजी करू नकोस गं. ५४० वॅटची सहा पॅनेल मिळून पावणेदोनशे चौरस फुटांच्या आत बसतात. दक्षिणेला तोंड, उतार वीसेक अंश. दोन ओळींत चालायला वाट ठेवलीस तरी अर्ध्याहून जास्त गच्ची उरते.

पॅनेलखाली पुदिना, ब्राह्मी, ओव्याची पानं लाव. मागच्या उंच बाजूला अळू आणि हळद. पुढे उन्हात दूर्वा, ऑफिस टाइम, घोळ. दोडका-कारल्याचे वेल पॅनेलपासून लांबच ठेव. एक पान काचेवर आडवं आलं तरी नुकसान त्या पानापुरतं राहत नाही, पॅनेलचा मोठा भाग वीज कमी देतो.

आणि सोलरवाल्याला हेही सांग: पॅनेल तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. तापलेल्या कोब्यापेक्षा ओली हिरवी माती खाली असलेली बरी. फायदा थोडासाच, पण तोटा तर नक्की नाही.

मुलुंडकर_मृदुला
काका, कोब्यावर कोबा आहेच, बाबांनी दोनदा घातलाय! आता फोडायला घेऊ?

स्लॅबवाले_काका
पावसाच्या तोंडावर अजिबात नको. आत्ता इंजिनीअरकडून बीम आणि सळ्यांची तपासणी करून घ्या. महावितरणकडे सोलरचा अर्ज तोवर करून ठेवता येईल. फोडणं ऑक्टोबरमध्ये, आणि मलबा गच्चीवर ढीग करून ठेवू देऊ नका, रोजच्या रोज खाली.