कॉन्फिग फाइल मिटा, क्वेरी उघडा

तळटीप

पोस्टग्रेस हा डेटाबेस रखडतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "शेअर्ड बफर्स किती ठेवलंय?" (म्हणजे डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली मेमरी किती). मग कोणीतरी जालावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये रॅम आणि कोअरचे आकडे भरतो, बाहेर पडलेल्या पंधरावीस ओळी कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये चिकटवतो आणि सर्व्हर रीस्टार्ट करतो. त्यात लोंबकळणारी सगळी कनेक्शन्स तुटतात, लॉक धरून बसलेली ट्रान्झॅक्शन्स मरतात आणि सगळं सुरळीत चालू लागतं. श्रेय कॉन्फिगला. काही दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

माझं मत असं: मशीनच्या मापाचे चारपाच आकडे पहिल्याच दिवशी बसवा. शेअर्ड बफर्स डिफॉल्टने १२८ एमबी असतं, ते रॅमच्या चौथ्या हिश्शापर्यंत न्या. अधिकृत डॉक्युमेंटेशनही तिथूनच सुरुवात करायला सांगतं. मॅक्स वॉल साइझ (बदलांच्या लॉगची मर्यादा) १ जीबीवर सोडलं तर भरपूर लिहिणाऱ्या सर्व्हरवर चेकपॉइंटचा (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचा) मारा होतो, तेही वाढवा. एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट (इतस्ततः पान वाचण्याचा अंदाजे खर्च) ४ वरून १.१ च्या आसपास आणा. एवढं झालं की ती फाइल विसरा.

खरं दुखणं कुठे असतं त्याचा नमुना देतो. वाहनांचं टेबल, ४० लाख ओळी. क्वेरी ते दुसऱ्या एका टेबलाशी जोडते, त्यात तीन अटी: कंपनी, मॉडेल, व्हेरिएंट. विसांत एक ओळ त्या कंपनीची, दोनशेत एक त्या मॉडेलची, हजारात एक त्या व्हेरिएंटची. प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) हे तीन कॉलम एकमेकांत गुंतलेत हे ठाऊक नसतं, म्हणून तो तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करतो. ४० लाखांतून उरते फक्त १ ओळ. प्रत्यक्षात व्हेरिएंट ठरला की मॉडेल आणि कंपनी आपोआपच ठरतात, म्हणजे ओळी निघतात ४०००. एकाच ओळीसाठी नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल चाळणं) स्वस्त वाटला म्हणून प्लॅनरने तो निवडला, आणि आतलं टेबल ४००० वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं गेलं. एक्सप्लेन अ‍ॅनलाइझमध्ये (क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या आदेशात) अंदाजाच्या जागी 'रोज=१' (rows, म्हणजे ओळी) आणि शेजारी प्रत्यक्षाचे ४००० हे ढळढळीत दिसतं. पण बघतो कोण?

उपाय एका ओळीचा. आवृत्ती १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स आहे. त्या तीन कॉलमांवर डिपेन्डन्सीजची (एकमेकांवरच्या अवलंबनाची) नोंद करा, अ‍ॅनलाइझ चालवा, प्लॅन हॅश जॉइनवर (दोन्ही टेबलं एकदाच वाचणाऱ्या पद्धतीवर) येतो. शेअर्ड बफर्स कितीही फुगवलं असतं तरी तो नेस्टेड लूप हलला नसता.

रात्रपाळी
*असहमत, आणि बरंच*

उदाहरण झकास आहे. पण "फाइल विसरा" हे वाक्य ज्यांच्या फोनवर पहाटे अलार्म वाजत नाही तेच लिहू शकतात.

ऑटोव्हॅक्यूमचा (जुन्या, मेलेल्या ओळी आपोआप साफ करणाऱ्या प्रक्रियेचा) स्केल फॅक्टर डिफॉल्टने ०.२ असतो. ३० कोटी ओळींच्या टेबलात ६ कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत व्हॅक्यूम जागचा हलत नाही. आवृत्ती १८ मध्ये या हिशेबाला १० कोटींची कमाल मर्यादा आली खरी, पण आमच्या ३० कोटींच्या टेबलाला तिचा काय उपयोग? तोवर टेबल फुगतं, इंडेक्स फुगतात, आणि तुमची ती सुंदर क्वेरी दुप्पट पानं वाचत बसते.

वर लोक काय करतात? ऑटोव्हॅक्यूम मागे पडतोय म्हणून वर्कर ३ चे ६ करतात. कॉस्ट लिमिट (दोन विश्रांतींमधल्या कामाची मर्यादा) सगळ्या वर्करांत वाटून घेतलं जातं. वर्कर दुप्पट केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं येतं, एकूण वेग होता तेवढाच. लिमिट वाढवायला हवं, आणि ते त्याच फाइलमध्ये असतं जी तुम्ही मिटायला सांगताय. आवृत्ती १२ मध्ये कॉस्ट डिलेचं (मधल्या विश्रांतीचं) डिफॉल्ट २० मिलिसेकंदांवरून २ वर आणलं गेलं. डिफॉल्ट इतके शहाणे होते तर एका फटक्यात दहापट का बदलावे लागले?

तळटीप
*@रात्रपाळी*

लिमिटचा मुद्दा मान्य, माझ्या यादीत तो सहावा आकडा म्हणून घाला. स्केल फॅक्टरचं मात्र उलट आहे. तो फाइलमध्ये बदललात तर दोनशे ओळींच्या आणि ३० कोटींच्या टेबलाला एकच नियम लागतो. ऑल्टर टेबल करून त्या एकाच टेबलाला ०.०१ द्या. त्यासाठी कुठलं टेबल किती हलतं हे ठाऊक असावं लागतं, म्हणजे पुन्हा आपण क्वेरींकडेच आलो.

बिनकामाचा_इंडेक्स
*मायएसक्यूएलवाल्यांनाही बोलू द्या*

ओपन सोर्स म्हणजे पोस्टग्रेस असं समजून धागा चाललाय. आमच्याकडे इनोडीबी या स्टोरेज इंजिनचा बफर पूल आहे, त्याचंही डिफॉल्ट १२८ एमबीच. पण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर बरीच भिस्त ठेवतो, इनोडीबी ठेवत नाही. ज्या मशीनवर दुसरं काही चालत नाही तिथे रॅमचा सत्तरेक टक्के हिस्सा सरळ बफर पूलला द्यायचा. इथे तो एक आकडा न बदलणं म्हणजे सर्व्हर विकत घेऊन बंद ठेवणं. तुमचं "क्वेरी आधी" तत्त्व आमच्याकडे दुसऱ्या क्रमांकावर जातं.

कॉपी-पेस्टच्या रोगाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. क्वेरी कॅश मायएसक्यूएल ८.० मध्ये काढूनच टाकली, तरी जुन्या लेखांतून क्वेरी कॅश साइझची ओळ उचलून डकवणारे अजून भेटतात. ८.० ला ते नावच ओळखू येत नाही, त्यामुळे सर्व्हर उठतच नाही. हे एका अर्थी बरंच, निदान लगेच कळतं तरी. फ्लश लॉग अ‍ॅट ट्रान्झॅक्शन कमिट १ (दर कमिटला डिस्कवर) चा २ (सेकंदातून एकदा) करणाऱ्यांचं काय? बेंचमार्क पळतो, सगळे खूश. एक दिवस वीज जाते आणि शेवटच्या सेकंदाभरात "कमिट झालं" म्हणून ग्राहकाला कळवलेले व्यवहार गायब. लॉग टेबल असेल तर खुशाल २ ठेवा. पैशांच्या नोंदी असतील तर हात लावू नका.

अर्धविराम
*डेव्हलपरची बाजू*

तुम्ही दोघं भांडताय ते ठीक, पण पगार कोणाला कशाचा मिळतो तेही बघा. मी ओआरएममधून (एसक्यूएल आपोआप तयार करणाऱ्या लायब्ररीतून) लिहितो, त्यातून कसली एसक्यूएल निघते ते रोज उघडून बघायला वेळ नाही. आमचा डेटाबेस मॅनेज्ड (क्लाउड कंपनीने सांभाळलेला) आहे. हळू झाला की एक साइझ मोठं मशीन घेतो. माणसाच्या तासांपेक्षा रॅम स्वस्त पडते. परवाच एका रिपोर्टच्या प्लॅनमध्ये 'एक्स्टर्नल मर्ज', डिस्क १८० एमबी असं दिसलं (सॉर्ट मेमरीत न मावून डिस्कवर गेलं), वर्क मेम (सॉर्टसारख्या कामांची मेमरी) ४ चं २५६ एमबी केलं, रिपोर्ट उडायला लागला. पाच मिनिटांचं काम. याला ट्यूनिंग म्हणायचं नाही तर कशाला?

रात्रपाळी
*@अर्धविराम*

२५६ एमबी सगळ्यांसाठी केलंत की त्या रिपोर्टपुरतं? वर्क मेम कनेक्शनमागे मोजलं जात नाही. प्लॅनमधल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला ते वेगळं मिळतं, पॅरलल वर्करांना पुन्हा आपापलं, आणि आवृत्ती १५ पासून हॅशला डिफॉल्टनेच दुप्पट. नुसते दोन सॉर्ट धरा, शंभर कनेक्शन्स धरा: ५० जीबी. मशीन ३२ चं असेल तर लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) एखादं बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) उडवतो, आणि एक बॅकएंड असं मेलं की पोस्टमास्टर (मुख्य प्रोसेस) बाकीची सगळी कनेक्शन्स तोडून क्रॅश रिकव्हरीत जातो. मग दोष कोणाला? डेटाबेसला.

त्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल वापरा, वर्क मेम तेवढ्यापुरतं वाढवा, विषय संपला.

तळटीप
*बघा*

रात्रपाळी, तुम्ही आत्ता माझीच बाजू मांडलीत! आकडा फाइलमध्ये टाकायचा नाही, जिथे लागतो तिथे द्यायचा.

रात्रपाळी
*इतक्यात हुरळू नका*

फाइलमध्येच लिहावी लागते अशी एक ओळ सांगतो. टेबल फुगत होतं, ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला येऊन हात हलवत परत जात होता. व्हॅक्यूम व्हर्बोजमध्ये साफ लिहिलेलं: इतक्या मेलेल्या ओळी अजून काढता येत नाहीत. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (चालू सेशन्सची यादी) उघडलं तर एक सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, काम बंद), आदल्या संध्याकाळपासून. कोणीतरी ग्राफिकल क्लायंटमध्ये ऑटोकमिट बंद करून एक अपडेट मारला आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून घरी गेला. तिथे तुमची कुठली क्वेरी सुधारणार होतात? आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट ९.६ पासून उपलब्ध आहे आणि डिफॉल्टने बंद असतो. फाइलमध्ये ५ मिनिटं लिहा, असली सेशन्स आपोआप तुटतात.

बिनकामाचा_इंडेक्स

आमच्याकडे हाच आजार हिस्टरी लिस्ट लेंग्थ (साफ न झालेल्या जुन्या बदलांची यादी) वाढण्यातून दिसतो. औषध तेच: जुनं ट्रान्झॅक्शन शोधा, मारा.

तळटीप
*@रात्रपाळी, एक दुरुस्ती*

रीड कमिटेडमध्ये (डिफॉल्ट आयसोलेशन पातळीत) नुसतं बिगिन, एक सिलेक्ट आणि मग शांतता असेल तर ते सेशन स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) धरून ठेवत नाही, व्हॅक्यूमला त्याचा अडथळा नाही. तुमच्या गोष्टीत अपडेट झाला होता, ट्रान्झॅक्शन आयडी मिळालेला होता, म्हणून अडलं. रिपीटेबल रीड (त्याहून कडक पातळी) किंवा उघडा कर्सर असता तरी अडलंच असतं. नुसत्या सिलेक्टवाल्याचा त्रास वेगळा: टेबलावरचं साधं लॉक तो सोडत नाही, मग ऑल्टर टेबल त्याच्यामागे थांबतं आणि ऑल्टरच्या मागे अख्खी वाहतूक.

टाइमआउटला विरोध नाही, पण सरसकट ५ मिनिटं नको. रात्रीची बॅच ट्रान्झॅक्शन उघडून बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघत असेल तर तिचाही गळा कापला जाईल. ऑल्टर रोल करून अ‍ॅपच्या रोलला (डेटाबेस युजरला) ५ मिनिटं द्या, बॅचच्या रोलला जास्त.

रात्रपाळी

ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेची वाट बघणाऱ्या बॅचचा गळा कापलाच पाहिजे. बाकी रोलनिहाय ठीक. पण फाइलमधलं डिफॉल्ट कडकच हवं, सवलत ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. उद्या येणाऱ्या नव्या रोलला टाइमआउट लावायचं कोणाच्या लक्षात राहणार आहे?

अर्धविराम
*अडचण*

आमच्याकडे अ‍ॅप आणि बॅच एकाच युजरने पीजीबाउन्सरमधून (कनेक्शन्स वाटून देणाऱ्या मध्यस्थातून) येतात, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये. मग रोल वेगळा कसा करणार? बॅचच्या सुरुवातीला साधं सेट करून टाइमआउट वाढवला तर चालेल?

रात्रपाळी

चालणार नाही. ट्रान्झॅक्शन संपलं की ते सर्व्हर कनेक्शन दुसऱ्या क्लायंटला जातं, तुमचं सेट तिथेच चिकटून राहतं आणि वाढीव टाइमआउट भलत्यालाच मिळतो. बॅचला दुसरा युजर द्या. पीजीबाउन्सर डेटाबेस-युजरच्या प्रत्येक जोडीला वेगळा पूल करतो, त्यामुळे सरमिसळ होत नाही. दोन्ही पूल मिळून मॅक्स कनेक्शन्सच्या आत बसतात ना, तेवढं आधी मोजा. तो आकडा डिफॉल्टने १०० असतो, आणि हो, तळटीप, तोही फाइलमध्येच.