मदत हवी आहे: सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गुप्त सरकारी माहिती हाताळायच्या परवानगीच्या) नोटिशीला उत्तर

नमस्कार मंडळी. मी व्हर्जिनियात, अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे कामाला, नागरिकत्व अमेरिकेचंच. गाइडलाइन जी (दारू) आणि ई (वर्तन) खाली एसओआर (क्लिअरन्सवर आक्षेप का, याची कारणं देणारी नोटीस) हातात पडलंय. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन केसेस, २०१६ आणि २०२२. पहिली एसएफ-८६ वर (क्लिअरन्सच्या अर्जावर) लिहिली नाही. अर्जात गेल्या सात वर्षांतलंच विचारतात असं वाटलं आणि तेवढी उलटली होती, म्हणून सोडली. दारूच्या गुन्ह्याला ती मुदत नसते, हे नंतर कळलं! मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारायच्या आधी मीच सांगितलं. समुपदेशन पूर्ण, १९ महिने थेंब नाही, पण डॉक्टरांचा अहवाल घेतलेला नाही. उत्तराच्या २० दिवसांपैकी १२ उरलेत, वकील शोधतोय. सुनावणी मागावी की नुसत्या कागदांवर निर्णय? आणि 'ई'चा आरोप 'मान्य' लिहून खाली खुलासा जोडला, तर मुद्दाम लपवल्याची कबुली धरतात का?