येमेनमधील पटकी: उपचार ठाऊक असूनही साथ एवढी का पसरली?

वाटसरू
१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. तीच जलसंजीवनी आज घराघरात ठाऊक आहे. असे असताना येमेनमध्ये २०१७ च्या अखेरीस संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर कशी गेली? केवळ रुग्णालयांवर बॉम्ब पडल्यामुळे असे घडले, की कारण आणखी खोल आहे?

नळजोड
जलसंजीवनी झालेल्या रोगावर चालते. रोग पसरतो तो पाण्यातून. येमेनमधील शहरांचे पाणी डिझेलवर चालणाऱ्या पंपांनी उपसले जाते आणि डिझेल बाहेरून येते. २०१५ साली आयातीचे मुख्य दार असलेल्या होदेदा बंदरातील क्रेन हवाई हल्ल्यात निकामी झाल्या. एप्रिल २०१७ मध्ये राजधानी सनातील सांडपाण्याची यंत्रणा बंद पडली आणि त्याच महिन्याच्या शेवटी साथीची दुसरी, कितीतरी मोठी लाट उसळली. पुढे नोव्हेंबरमध्ये उत्तरेतील हुथी बंडखोरांशी लढणाऱ्या सौदी आघाडीने बंदरे रोखली, तेव्हा होदेदा, सादा आणि ताइझ या शहरांचे पंप इंधनाअभावी थांबले. पंप चालवणारा माणूस आरोग्यसेवक म्हणून कोणी मोजत नाही, पण माझ्या मते पटकीच्या साथीत पहिला आरोग्यसेवक तोच असतो.

आरोग्यपाल
यात पगाराचा मुद्दा जोडायला हवा. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक हुथींच्या ताब्यातील सनाहून सरकारच्या ताब्यातील एडनला हलवण्यात आली आणि त्यानंतर उत्तरेकडील सरकारी डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. इमारत शाबूत असूनही दवाखाना बंद, अशी स्थिती त्यातून आली. प्रत्यक्ष हल्लेही झालेच: आरोग्यसेवेच्या संरक्षणासाठी सुरक्षा परिषदेने मे २०१६ मध्ये ठराव केला आणि १५ ऑगस्टला उत्तर येमेनमधील आब्स येथील रुग्णालयावर बॉम्ब पडून १९ जण दगावले. त्यानंतर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने उत्तरेतील सहा रुग्णालयांतून आपली माणसे काढून घेतली. म्हणजे बॉम्ब एका ठिकाणी पडला, पण सेवा सहा ठिकाणची आटली.

साशंक
प्रश्नातच एक गफलत दडलेली आहे, असे मला वाटते. २०१७ मधील दहा लाख संशयित रुग्णांपैकी सुमारे २,२०० दगावले, म्हणजे हजारी दोन-तीन. बनगावच्या अनुभवाशी ताडून पाहता उपचार जिथे पोहोचला तिथे तो लागू पडला, असेच म्हणावे लागते. त्यामुळे पटकीच्या मृत्यूंवरून युद्धाची झळ मोजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ च्या अखेरपर्यंत या युद्धाने ३,७७,००० बळी घेतले आणि त्यांतील सुमारे साठ टक्के भूक, आजार व उपचारांचा अभाव यांमुळे गेले. डायलिसिसचे उदाहरण घ्या: आठवड्यातून तीनदा लागणारा उपचार अनेक केंद्रांत दोनदाच देता येऊ लागला. ऑगस्ट २०१६ पासून मे २०२२ पर्यंत सनाहून प्रवासी विमानेही सुटत नव्हती, त्यामुळे परदेशी उपचारांसाठी निघणाऱ्याला आधी खडतर रस्त्याने एडन गाठावे लागे. असे रुग्ण साथीच्या आकड्यांत येत नाहीत.

वाटसरू
मान्य. मी पटकीकडे औषधाच्या बाजूने पाहत होतो, डिझेल आणि पगार यांच्या बाजूने नव्हे.